विश्लेषण : कीबोर्ड संगणकाला जोडला, सूर उमटले, मग आवाज कुठे राहिला?

सिंथेसायझरची यूएसबी केबल लॅपटॉपला जोडली, सॉफ्टवेअरमधले लाल बटण दाबले, गाणे वाजवले आणि पडद्यावर सुरांच्या रंगीत पट्ट्या उमटल्या. रेकॉर्डिंग झाले असे समजून कीबोर्ड पुन्हा बॅगेत जातो. महिनाभराने तीच फाइल उघडली की त्या पट्ट्यांतून लॅपटॉपमधला भलताच पियानो वाजतो, नाहीतर काहीच वाजत नाही. घरगुती स्टुडिओंत हा प्रकार सर्रास घडतो. त्यामागचे तंत्र काय आणि ‘आवाज नंतर घेऊ’ ही सवय महागात का पडते, याचा हा आढावा.

केबलमधून नेमके काय जाते?

कीबोर्ड आणि संगणक यांच्यात बहुतेक वेळा ‘मिडी’ नावाच्या भाषेत संवाद होतो. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील ‘नॅम’ या वाद्य-उद्योगाच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलंड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. एका कंपनीच्या वाद्यावर बोट ठेवले की दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजत होते. यामागचे दोन सूत्रधार, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमीने गौरवण्यात आले.

ही भाषा मुद्दाम काटकसरी ठेवलेली आहे. एक पट्टी दाबली की साधारण तीन बाइट बाहेर पडतात. पहिल्यात ‘अमुक चॅनेलवर सूर सुरू’ असा निरोप, दुसऱ्यात सुराचा क्रमांक, तिसऱ्यात बोटाचा जोर. जोराची मोजणी ० ते १२७ या पट्टीवर होते. बोट उचलले की ‘सूर बंद’ असा आणखी एक निरोप. जुन्या पाच पिनांच्या केबलमधून असा एक निरोप पोहोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. म्हणूनच अख्ख्या गाण्याची मिडी फाइल मोबाइलवरच्या एका साध्या फोटोपेक्षाही कितीतरी लहान असते.

या निरोपांत आवाज कुठेच नाही. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकातले बंदिशीचे नोटेशन हाती असणे वेगळे आणि तीच बंदिश मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यातून ऐकणे वेगळे. मिडी हे नोटेशन आहे, तेही बरेच काटेकोर. पण गळा कीबोर्डच्या आत आहे. तो गळा संगणकात आणायचा असेल तर कीबोर्डच्या मागच्या आउटपुटमधून विजेच्या रूपात बाहेर पडणारा ध्वनी पकडून त्याचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. ते काम ऑडिओ इंटरफेस करतो. आपल्याकडे दुकानात त्याला ‘साऊंड कार्ड’ म्हटले की लगेच कळते.

यूएसबीने हा गोंधळ वाढवला. पूर्वी मिडीची पाच पिनांची केबल वेगळी होती आणि आवाजाचा जॅक वेगळा होता, त्यामुळे कोणती वाट कशासाठी हे डोळ्यांना दिसायचे. आता एकच यूएसबी केबल. काही नव्या वाद्यांत त्याच केबलमधून मिडीसोबत प्रत्यक्ष आवाजही जातो, तर पुष्कळ वाद्यांत फक्त मिडी. बाहेरून दोन्ही पोर्ट सारखेच दिसतात. वाद्याच्या मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ असा स्पष्ट उल्लेख असेल तरच आवाज जातो. नुसते ‘यूएसबी मिडी’ किंवा ‘यूएसबी टू होस्ट’ लिहिले असेल, तर आवाजासाठी वेगळी केबल लागणारच असे धरून चालावे. ओळखण्याची खूण सोपी आहे. सॉफ्टवेअरमध्ये आयताकृती पट्ट्या उमटत असतील तर ते मिडी आणि लाटांसारखी दातेरी आकृती उमटत असेल तर तो आवाज.

मिडी आहे ना, मग आवाजाची घाई कशाला?

हा युक्तिवाद संगीत संयोजकांकडून हमखास ऐकू येतो आणि तो निराधार नाही. मिडीत चुकलेला सूर नंतर दुरुस्त होतो, गाणे काळी एकमधून पांढरी दोनमध्ये नेता येते, लय बदलता येते, सनईऐवजी बासरी लावून बघता येते. गायक आयत्या वेळी ‘पट्टी थोडी खाली घ्या’ म्हणाला तर एका मिनिटात काम होते. आवाज एकदा रेकॉर्ड केला की हे स्वातंत्र्य जाते, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण या युक्तिवादात एक गृहीतक लपलेले आहे. आज समोर असलेले वाद्य, त्याच सेटिंगसह, हवे तेव्हा पुन्हा उपलब्ध असेल असे त्यात धरलेले असते. प्रत्यक्षात कीबोर्ड वादकाच्या मालकीचा असतो आणि काम संपले की तो त्याच्यासोबत जातो. कधी तो भाड्याने आणलेला असतो. कधी तो विकून नवा घेतला जातो. आणि वाद्य जागेवर असले तरी ते म्हातारे होते. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये स्वतः तयार केलेले आवाज आतल्या एका लहानशा बॅटरीच्या जोरावर टिकतात. ती बॅटरी संपली की मेहनतीने घडवलेला आवाज पुसला जातो. रोलंडच्या ज्युनो-१०६ मधील व्हॉइस चिप वर्षांनुवर्षांनी नादुरुस्त होतात, ही त्या वाद्याची जगभर माहीत असलेली दुखरी नस आहे. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच कीबोर्डांचे टोन फ्लॉपीवर साठवलेले. आज फ्लॉपी वाचणारा संगणक शोधणे हेच एक काम होऊन बसते.

दुसरा मुद्दा आपल्या संगीताच्या अधिक जवळचा आहे. मींड. कीबोर्डवर लावणीचा किंवा नाट्यगीताचा तुकडा वाजवताना वादकाचा डावा हात पिच-बेंडच्या चाकावर असतो आणि सगळी जान त्यात असते. हे चाक किती फिरले याची नोंद मिडी फार बारकाईने ठेवते. त्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत. मात्र चाक पूर्ण फिरवल्यावर सूर नेमका किती सरकायचा, दोन श्रुतिपट्ट्या की पूर्ण सप्तक, ही मर्यादा वाद्याच्या आत ठरलेली असते. ती मिडीतून पाठवण्याची सोय आहे, पण फाइलमध्ये ती बहुधा नसतेच. दोन पट्ट्यांच्या मर्यादेवर वाजवलेली मींड बारा पट्ट्यांची मर्यादा असलेल्या प्लगइनवर वाजवली तर ती सहापट लांब जाते. कोमल गंधाराकडे हळुवार झुकायचे असलेले वळण थेट दुसऱ्याच सुरावर जाऊन आदळते. ऐकणाऱ्याला वाटते वादक बेसूर आहे. वादकाचा दोष काहीच नसतो.

हीच गत ट्रान्सपोजच्या बटणाची. आपल्याकडे अनेक वादक बोटे सवयीच्या पट्टीतच ठेवतात आणि ट्रान्सपोजने गायकाची पट्टी गाठतात. काही कीबोर्डांत हे ट्रान्सपोज फक्त आतल्या आवाजाला लागू होते, बाहेर जाणाऱ्या मिडीला नाही. मग कानाला काळी चार ऐकू आलेले गाणे फाइलमध्ये पांढरी एकमध्ये उतरते. ऑडिओ रेकॉर्ड केला असता तर हा घोटाळा झाला नसता, कारण कानाने जे ऐकले तेच त्यात असते.

जुन्या अॅनालॉग वाद्यांच्या बाबतीत तर मिडीचा आधार मुळातच अपुरा आहे. त्यांच्या आतले ऑसिलेटर तापमानाबरोबर किंचित सरकतात. तोच सूर दोनदा वाजवला तरी लहरींची सुरुवात वेगवेगळ्या बिंदूवर होते. वाजवताना हाताने फिरवलेले फिल्टरचे बटण पुष्कळ जुन्या वाद्यांत मिडीतून बाहेर पडतच नाही. मूळ मिनीमूगला तर मिडीच नाही. म्हणजे अशा वाद्यावर झालेले प्रत्येक वादन हे एक वेगळे सादरीकरण असते आणि त्याचा एकमेव पुरावा म्हणजे त्या वेळी रेकॉर्ड केलेला आवाज.

इथे एक प्रामाणिक अपवाद नोंदवायला हवा. सगळीच हार्डवेअर वाद्ये अशी दुर्मीळ नसतात. कॉर्ग एम-१ चा प्रसिद्ध पियानो हा आत साठवलेल्या नमुन्यांवर चालतो आणि कॉर्गने स्वतःच त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती काढली आहे. डीएक्स-७ चे आवाज ‘डेक्स्ड’ या मोफत प्लगइनमध्ये बऱ्याच विश्वासाने वाजतात. असा टोन वापरला असेल तर केवळ डबा खरा आहे म्हणून भारावून जाण्यात अर्थ नाही. हार्डवेअर म्हणजे आपोआप ‘ऊबदार’ आवाज, हा समज दुकानदारांच्या फायद्याचा आहे. तरीही कोणता टोन नंतर मिळेल आणि कोणता नाही, याचा अंदाज त्या दिवशी बांधता येत नाही. त्यामुळे दोन्ही ठेवणे शहाणपणाचे. मिडी दुरुस्तीसाठी आणि आवाज कायमसाठी. एकाच वेळी दोन ट्रॅकवर दोन्ही रेकॉर्ड करायला वेगळा वेळ लागत नाही.

आवाज ठेवला म्हणून काय वाचले?

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. रोलंडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे आणि त्यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. तेव्हा तो फारसा कोणी विचारात घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला आणि जगभरचे संगीतप्रेमी चक्रावले. कारण शिकागोत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अॅसिड हाऊस’ म्हणून जो नाद गाजला, त्याच्याशी विलक्षण जुळणारा नाद या रागांच्या अल्बममध्ये काही वर्षे आधीच होता. चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले. तोवर त्यांना परदेशातील मंचांवर हे संगीत सादर करण्याचा मान मिळाला होता.

तारखा नीट पाहिल्या तर या गोष्टीतली गोम लक्षात येते. हा अल्बम झाला तेव्हा मिडी अस्तित्वातच नव्हते. टीबी-३०३ मध्ये बसवलेल्या चाली आतल्या बॅटरी काढल्या की पुसल्या जातात. आज त्या संगीताचे जे काही हाती आहे ते केवळ आवाज टेपवर उतरवला गेला म्हणून.

अहमदाबादची कथाही याच वळणाची. तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभारायला मदत केली. पुढची काही वर्षे गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तिथे प्रयोग केले. नंतर ते विस्मरणात गेले. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात त्या टेप सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. भारतात इलेक्ट्रॉनिक संगीत कधी सुरू झाले याचे उत्तर त्या टेपनी बदलले. त्या मूगवर कोणत्या केबल कुठे खुपसल्या होत्या, बटणे कोणत्या अंशावर होती, हे कोणी लिहून ठेवले असते तरी तो आवाज पुन्हा हुबेहूब उभा राहिला नसता.

याउलट आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र पाहावे. गणेशोत्सवात, हळदीच्या कार्यक्रमांत, जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर जे वाजते त्यात वादकांनी स्वतः घडवलेले कितीतरी टोन असतात. सनईचा, संबळाचा, बेंजोचा. हे टोन पेनड्राइव्हवरून एकमेकांना दिले जातात, विकलेही जातात. त्यांचे स्वच्छ, थेट आउटपुटमधून घेतलेले रेकॉर्डिंग मात्र क्वचितच होते. उरतात ते गर्दीतून मोबाइलवर घेतलेले व्हिडीओ, ज्यात वाद्यापेक्षा शिट्ट्या जास्त.

जोडणी कुठे चुकते?

रेकॉर्डिंग करायचे ठरवल्यावर पहिली अडखळण जॅकपाशी होते. कीबोर्डच्या मागे सहसा पाव इंची दोन आउटपुट असतात, डावे आणि उजवे. स्टिरिओ आवाज हवा तर दोन केबल आणि इंटरफेसची दोन इनपुट लागतात. एकच केबल असेल तर ती ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकात घालावी. तिथे दोन्ही बाजू एकत्र होऊन मिळतात. इंटरफेसवर ते इनपुट ‘लाइन’ वर ठेवावे. माइकच्या इनपुटमध्ये कीबोर्ड घुसवला तर आवाज फाटतो, कारण माइकचा सिग्नल फार क्षीण असतो आणि ते इनपुट त्याला प्रचंड वाढवण्यासाठी बनवलेले असते. कंडेन्सर माइकसाठीचे ४८ व्होल्टचे बटण बंद असलेले बरे.

घरगुती कीबोर्डना कधी फक्त हेडफोनचा जॅक असतो. तिथला सापळा कुणी सांगत नाही. हेडफोनच्या एकाच जॅकमधून डावे आणि उजवे असे दोन आवाज निघतात. तो जॅक सरळ स्टिरिओ केबलने इंटरफेसच्या एका बॅलन्स्ड इनपुटला जोडला, तर इनपुट त्या दोघांतला फरक तेवढा घेते. दोन्ही बाजूंना सारखा असलेला, म्हणजे मधोमध ऐकू येणारा आवाज वजा होतो. पियानो पोकळ, पातळ, दूर कुठेतरी विहिरीत वाजल्यासारखा येतो आणि दोष कीबोर्डला दिला जातो. यासाठी एका टोकाला एक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल लागते. ती गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही मिळते.

मग येते ती घूं. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने ही घूं ५० आणि तिच्या पटीत, १०० वगैरे हर्ट्झवर ऐकू येते. कीबोर्ड एका बोर्डवर आणि लॅपटॉप दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर असेल तर दोन्हींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे केबलमधून नको असलेला प्रवाह फिरतो आणि आवाजात मिसळतो. सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेणे हा पहिला उपाय. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहावे. अनेकदा किरकिर तिथेच थांबते. तरीही राहिली तर मध्ये डीआय बॉक्स लावावा, त्यातला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या करतो. प्लगची तिसरी पिन मोडून घूं घालवण्याची युक्ती मात्र काही ठिकाणी बिनदिक्कत वापरली जाते. तिने घूं जाते हे खरे. पण ती पिन शॉकपासून जीव वाचवण्यासाठी असते. पावसाळ्यात ओल आलेल्या मांडवात असा कीबोर्ड हाताळणाऱ्याने काय पणाला लावले आहे, ते त्याला ठाऊक नसते.

पातळी किती ठेवावी, यावरही टेपच्या काळातला एक सल्ला अजून फिरतो : ‘जेवढे जोरात घ्याल तेवढे चांगले.’ टेपला स्वतःची खरखर होती, त्यामुळे तेव्हा ते बरोबर होते. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही छताची फरशी आहे. तिला आवाज टेकला की तो कापला जातो आणि कापलेला भाग पुन्हा मिळत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताना सैद्धांतिक पल्ला १४४ डेसिबलचा असतो. १६ बिटला तो ९६. एवढी जागा असताना छताला डोके घासत चालण्याचे कारण नाही. वाद्याचा स्वतःचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशाच्या पुढे ठेवावा, इंटरफेसचा गेन कमीपासून सुरू करावा आणि सर्वांत जोराचा तुकडा वाजवून मीटर उणे बारा ते उणे सहाच्या दरम्यान पोहोचतो का ते पाहावे. सिंथेसायझरमध्ये फिल्टरचा रेझोनन्स वाढवला की पातळी अचानक उसळते, हे गृहीत धरूनच.

बोट आधी, आवाज नंतर. असे का वाटते?

सिंथेसायझरचा आवाज संगणकात शिरतो, सॉफ्टवेअरमधून फिरतो आणि हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला वेळ लागतो. संगणक आवाज छोट्या पुंजक्यांत हाताळतो. पुंजका ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा असेल तर एका टप्प्याला सुमारे तीन मिलिसेकंद, १०२४ चा असेल तर सुमारे २३. येताना एक आणि जाताना एक, असे किमान दोन टप्पे. आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखे. ते चालते. चाळीस-पन्नास मिलिसेकंद म्हणजे तो सभागृहाच्या पार मागे बसला आहे. तिथे लय सुटते.

विंडोजवर इंटरफेस कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला आणि पुंजका लहान केला की बहुतेक त्रास संपतो. पण हार्डवेअर वाद्याच्या बाबतीत याहून सरळ वाट आहे आणि ती विसरली जाते. वाद्याचा आवाज संगणकात फिरून येण्याची गरजच नाही. इंटरफेसवरचे ‘डायरेक्ट मॉनिटर’ सुरू केले की तो आवाज जवळपास लगेच हेडफोनमध्ये येतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे लागते. तसे केले नाही तर एकच सूर दोनदा, किंचित अंतराने ऐकू येतो आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. सूर दुहेरी वाजण्याचे आणखी एक कारण मिडीत असते. बोटाने वाजलेला सूर एक आणि संगणकातून फिरून परत आलेला निरोप दुसरा. कीबोर्डच्या मेनूमधील ‘लोकल कंट्रोल’ बंद केले की तो प्रश्न मिटतो. काम झाल्यावर ते पुन्हा सुरू करण्याची आठवण ठेवावी. कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर कीबोर्ड मुका झाल्याच्या तक्रारींमागे कधी कधी हेच निघते.

आधी मिडी घेऊन मग तेच वाद्याकडून वाजवून घेत आवाज रेकॉर्ड करायचा असेल, तर तो आवाज ग्रिडच्या थोडा मागे पडतो. इंटरफेसचा विलंब सॉफ्टवेअर स्वतः भरून काढते, पण निरोप मिळाल्यावर वाद्य प्रत्यक्ष वाजायला किती वेळ घेते हे त्याला कळत नाही. क्युबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह यांत बाहेरच्या वाद्यांसाठी वेगळी सोय आहे, रीपरमध्येही. ठोक्यावर एक टोकदार, छोटा सूर रेकॉर्ड करून तो किती सरकला ते मोठे करून पाहावे आणि तेवढी दुरुस्ती कायमची नोंदवून ठेवावी. हे काम खऱ्या वेळातच होते, हेही लक्षात असावे. एका वेळी एकच आवाज देणाऱ्या वाद्यावर पाच मिनिटांच्या गाण्याचे सहा थर घ्यायचे तर निदान अर्धा तास बसावेच लागते. प्लगइनप्रमाणे काही सेकंदांत ‘एक्स्पोर्ट’ होत नाही. ‘नंतर घेऊ’ म्हणून राहिलेले काम बहुधा याच अर्ध्या तासापायी राहते.

इफेक्टसह घ्यावे की कोरे?

ध्वनिमुद्रकांचा नेहमीचा सल्ला ‘कोरे घ्या’ असा असतो. हॉलचा घुमारा, इको यांच्या बाबतीत तो बरोबर आहे. कीबोर्डमधला रिव्हर्ब एकदा आवाजात मुरला की मिक्सिंगच्या वेळी गायक पुढे आणि वाद्य देवळाच्या गाभाऱ्यात असे होते, आणि ते सुटे करता येत नाही. पण हाच सल्ला सरसकट लावला तर वाद्याचा प्राण जातो. ज्युनोचा कोरस हा त्या वाद्याच्या आवाजाचाच भाग आहे, त्याच्या हलक्या सुसकाऱ्यासह. तो बंद करून नंतर प्लगइनचा कोरस लावणे म्हणजे फोडणीशिवाय वरण करून वरून तिखट भुरभुरण्यासारखे. वादकाने ज्या इफेक्टवर विसंबून बोटे चालवली तो ठेवावा. केवळ भरगच्च वाटावे म्हणून कंपनीने लावलेला रिव्हर्ब काढावा. शंका असेल आणि मिडी जवळ असेल, तर त्याच बैठकीत एक कोरे आणि एक इफेक्टसह असे दोन्ही घेऊन टाकावे.

फाइल कशी ठेवावी?

गाणे व्हिडीओसाठी असेल तर ४८ किलोहर्ट्झ, नाहीतर ४४.१ चालते. २४ बिट मात्र सोडू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असा आवाज मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट जागा घेतो. चार मिनिटांच्या गाण्याचा एक ट्रॅक साधारण ७० मेगाबाइटचा. आजच्या हार्डडिस्कच्या हिशेबात हे काहीच नाही. सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल ठेवणे पुरेसे नसते. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर, ती आवृत्ती आणि ते प्लगइन सगळे एकत्र मिळेलच असे नाही. साधी वेव्ह फाइल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून सुरू होईल असा काढावा, जरी त्या वाद्याचा तुकडा तिसऱ्या कडव्यानंतर येत असला तरी. म्हणजे कुणीही तो नुसता ओढून टाकला की जागेवर बसतो. नावात गाणे, लय, पट्टी आणि टोनचे नाव असावे. ‘ऑडिओ १७ फायनल नवीन’ या नावाने पुढच्या वर्षी काहीच समजत नाही. सोबत मिडी फाइल ठेवावी, आणि वाद्यात सोय असेल तर टोनचा डेटाही मिडीतूनच बाहेर काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. पिच-बेंडची मर्यादा आणि ट्रान्सपोज किती होते, हे एका ओळीत लिहून ठेवले तर वर सांगितलेला मींडेचा घोळ टळतो.

एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. आणि ही फाइल ध्वनिमुद्रकाकडे व्हॉट्सअॅपवरून पाठवायची असेल, तर ती स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेज म्हणून नव्हे, तर ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडून पाठवावी. तशी पाठवली की ती न आकसता, आहे तशी पोहोचते.